खुराड्याचं दार आपोआप लावायचं तर

मंडळी, परसात दहा-पंधरा गावरान किंवा गिरिराज कोंबड्या असल्या की घर एका गोष्टीला बांधलं जातं. दिवेलागणीला दार लावायला कुणीतरी हजर पाहिजे. कोंबड्या आपल्या पायांनी आत येतात, दांडीवर बसतात. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे पळूनही जाता येत नाही. दार एक रात्र उघडं राहिलं तर रानमांजराला तेवढी पुरते. दिवसा फिरणाऱ्या मुंगसाचा बंदोबस्त या दाराने होत नाही, हे आधीच सांगतो.

टायमर लावला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण पुण्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या. हिवाळ्याची वेळ ठेवली तर जूनमध्ये कोंबड्या बाहेरच अडकतील. पावसाळ्याची ठेवली तर थंडीत अंधार पडून गेल्यावरही दार सताड उघडं. मग उजेडाचा सेन्सर लावतात. त्याला जुलैतलं आभाळ फसवतं. दुपारी चारला काळोखून आलं की दार खाली!

म्हणून दोन्ही घ्या. डीएस३२३१ नावाचं घड्याळ वर्षाला साधारण मिनिटभरच चुकतं. त्यात महिन्यागणिक मावळतीची वेळ भरा. सेन्सरचं ऐकायचं ते फक्त मावळतीनंतरच, आणि सलग दहा मिनिटं अंधार दाखवला तर. तो गप्पच राहिला तर मावळतीनंतर चाळीस मिनिटांनी दार लावायचंच. परदेशी व्हिडिओंतले आकडे उचलू नका. उत्तरेच्या देशांत संधिप्रकाश रेंगाळतो, आपल्याकडे पंचवीसेक मिनिटांत विझतो.

आता दार. ते वर-खाली सरकणारं करा. स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्या ॲल्युमिनियमवाल्याकडून २ मिलिमीटरचा पत्रा ३० बाय ३५ सेंटिमीटर कापून घ्या, दोन्ही बाजूंना त्याच्याकडचेच चॅनल. वजन साडेपाचशे-सहाशे ग्रॅम भरतं. प्लायवूड नको, पावसाळ्यात फुगून अडकतं. मोटरने दोरीवर दार वर ओढायचं आणि खाली येणं वजनावर सोडायचं. काही जण दार ढकलणारा ॲक्च्युएटर बसवतात. त्यातले ७५० न्यूटनचे सर्रास मिळतात, म्हणजे जवळपास ७५ किलोचा दाब. त्याखाली कोंबडीची मान आली तर? अर्ध्या किलोचा पत्रा पाठीवर टेकला तर ती झटकून आत शिरते. माझ्या मते हा मुद्दा एवढ्यावरच मिटतो.

दोरीत मात्र एक खोड आहे, आणि ती नीट समजून घ्या. चॅनलमध्ये भाताचा तूस दाटला आणि दार अर्ध्यावर अडकलं, तर मोटरला ते कळत नाही. ती दोरी सोडतच राहते. दोरी सैल पडते, रीळ रिकामं होतं, आणि मोटर तशीच फिरत राहिली तर तीच दोरी रिळावर उलट बाजूने गुंडाळली जाते. दार पुन्हा वर! मोटरच्या लेखी ते बंद होत असतं. म्हणून दार खाली टेकल्याची खबर दारानेच दिली पाहिजे. खालच्या कडेला चुंबक, चौकटीच्या तळाशी रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारं बटण. वीस सेकंदांत चुंबक पोचलं नाही तर मोटर थांबवा, दार वर घेऊन एकदा पुन्हा सोडा, तरी नाही जमलं तर भोंगा वाजू द्या. आणि दाराची खालची कड बाहेरच्या फळीच्या मागे उतरू द्या, म्हणजे नखं घालून कुणी ते उचलणार नाही.

विजेचं गणित लोकांना चकवतं. मोटर १ ॲम्पिअरने वीस सेकंद, दिवसातून दोनदा चालते. ते झालं ०.०११ ॲम्पिअर-तास. घड्याळ-सेन्सर वाचून मोटर चालवणारा कंट्रोलर बोर्ड नुसता जागा राहून २० मिलिॲम्पिअर घेत असेल तर दिवसाला ०.४८. म्हणजे मोटरच्या चाळीसपट वीज तो बसल्याबसल्या खातो! १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरायची धरली तर सूर्य न दिसता आठवडाभर जाईल. बोर्डावरचा सतत पेटणारा दिवा काढा, कंट्रोलर झोपवून ठेवा, मग श्रावणातही छोटं सोलर पॅनल पुरतं.

देखभालीत सगळ्यात जास्त छळतो तो अमोनिया. विष्ठेतून तो सुटत राहतो आणि तांब्याच्या तारा, रिलेचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) पॉइंट खराब करतो. कंट्रोलरची पेटी खुराड्याच्या बाहेर, वळचणीला लावा, वायर खालून घ्या. मुंग्यांना रिलेत घर करायला आवडतं, तेव्हा भोकं सिलिकॉनने बुजवा. चॅनलला ग्रीस लावू नका, त्यावर तूस चिकटून लगदा होतो. सिलिकॉन स्प्रे मारा. चॅनलची खालची टोकं उघडी ठेवा, कचरा आपोआप गळून जाईल. सेन्सरवरची जळमटं पुसा, दोरी रिळाजवळ विसविशीत दिसली की बदला.

मोटर सकाळी रुसली तर काय, हे विदर्भातल्या मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावं. मे महिन्यात बंद खुराड्यात कोंबड्या उन्हाने मरतात. खिडक्यांना अर्ध्या इंची वेल्डमेश (तारेची जाळी) लावून हवा खेळती ठेवा. आणि दोरी दाराला गाठ मारून बांधू नका, आकड्यात अडकवा. म्हणजे घरातली आजीसुद्धा आकडा सोडवून दार हाताने वर घेईल आणि खिळ्याला टांगेल.