न पटणाऱ्या पत्रकाराची बाजू

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

सरकारने पत्रकारांवर भरलेल्या खटल्यांविषयी बेळगावात बोलताना दिल्लीपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापना याच शहरात केली. त्यानंतर लगेच इथे केलेले एक भाषण आणि अहमदनगरची दोन भाषणे आक्षेपार्ह ठरवून सरकारने त्यांच्याकडे वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. सुटी वाक्ये वेचून अर्थ लावायचा नाही, सबंध भाषणाचा एकूण रोख पाहायचा, हे न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तेव्हा मान्य केले. त्याआधी १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना ६ वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले होते, हे आपण जाणताच.

त्याच ब्रह्मदेशात, आजच्या म्यानमारमध्ये, डिसेंबर २०१७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या वा लोन आणि च्यॉ सो ऊ या दोन वार्ताहरांना अटक झाली. इन दिन गावात १० रोहिंग्या पुरुषांची हत्या झाली होती आणि ते तिचा शोध घेत होते. त्यांना ७ वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली. माफी मिळून ते सुटले मे २०१९ मध्ये. इंग्रजांनी केलेला तोच कायदा आपल्याकडेही अजून लागू आहे. राजद्रोहाचे १२४ अ हे कलम मात्र सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवले. ते गेले असे म्हणेपर्यंत १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ आले. त्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. जन्मठेपेची तरतूद आहे.

परंतु शिक्षा होईलच असे सरकारलाही वाटत नसते, आणि तशी गरजही नसते. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन वार्तांकनासाठी उत्तर प्रदेशातल्या हाथरसच्या वाटेवर असताना ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले गेले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सप्टेंबर २०२२ मध्ये जामीन दिला आणि ते तुरुंगाबाहेर आले फेब्रुवारी २०२३ मध्ये. खटल्याचा निकाल लागण्याआधीच इतका काळ आत गेला. त्यांच्यामागे निदान देशभरातून आवाज उठला. खानापूर किंवा निपाणीच्या ज्या वार्ताहराला बातमीमागे तुटपुंजे मानधन मिळते आणि ज्याच्याकडे नेमणूकपत्रही नसते, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर ‘हा आमचा कर्मचारी नव्हे’ असे म्हणून वृत्तपत्र मोकळे होऊ शकते. वकिलाची फी, दर तारखेला बुडणारा दिवस, आणि जप्त झालेला मोबाइल, ज्यात त्याला माहिती देणाऱ्यांचे क्रमांक असतात; एवढ्यावर त्याची लेखणी थांबते.

आता आपल्याला अवघड जाणारी गोष्ट. जून २०१७ मध्ये कर्नाटक विधानसभेने दोन कन्नड संपादकांना हक्कभंगासाठी एक वर्षाचा कारावास सुनावला. मजकूर आमदारांविषयीचा, तक्रार आमदारांची, आणि शिक्षा देणारे सभागृहही आमदारांचेच. तीच विधानसभा हिवाळी अधिवेशनासाठी आपल्या सुवर्ण विधानसौधात बसते. अशा साप्ताहिकांची भाषा मला रुचत नाही, हे स्पष्टच सांगतो. परंतु मराठी पत्रावर नोटीस आली की मोर्चा काढणाऱ्या आपल्या शहरात या दोघांसाठी मराठी माणसांनी काय केले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. ज्या महाराष्ट्राकडे आपण आशेने पाहतो, त्याच्या सरकारनेही ऑगस्ट २०१५ मध्ये एक परिपत्रक काढले होते. लोकप्रतिनिधींवरील टीका राजद्रोहात बसू शकेल, असा अर्थ त्यातून निघत होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर ते मागे घ्यावे लागले. तेव्हा कोणते सरकार आपले, या प्रश्नाने इथे काही सुटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणे त्यांना लेखी दिली नव्हती. हा निकाल कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत टंकून जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या वार्ताहराकडे पोहोचवावा आणि दोन्ही भाषांच्या पत्रकार संघांनी वर्गणी काढून एकच वकील नेमावा, अशी माझी सूचना आहे. त्या वकिलाने पहिले वकीलपत्र कोणाचे घ्यावे, हे ठरवताना आरोपीची भाषा विचारू नये.