माझी सही कुठे आहे?

मंडळी, शालोम आणि नमस्कार.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी, किद्दुश, म्हणजे शब्बाथची वाइनवरची प्रार्थना, व्हायच्या आधी, माझी नात म्हणाली, "आजी, देवाशी करार केला तो त्या लोकांनी. त्यात माझी सही कुठे आहे?" रोश हशाना या आपल्या नववर्षाच्या आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तिची बात-मित्सवा आहे, मुलगी धर्माच्या दृष्टीनं सज्ञान झाल्याचा सोहळा. त्या आठवड्याच्या पाराशावर, म्हणजे तोराच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) नित्सावीम नावाच्या भागावर, चार शब्द बोलायचेत, म्हणून पोरगी रोज वाचत बसते. तिचे बाबा चिडले, ती रुसली, आमटी गार झाली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

कारण तिनं नेमकं बोट ठेवलंय. मवाबच्या माळावर मोशे (मोझेस) इस्राएलच्या सगळ्या लोकांना उभं करतो: पुढारी, बायका, पोरंबाळं, छावणीतला परका, लाकूडतोड्यापासून पाणक्यापर्यंत. तेलाच्या घाण्यावरच्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, पूर्वजांनाही त्या रांगेत जागा मिळाली असती, हे वाचताना मला फार बरं वाटतं. आणि मग मोशे सांगतो की हा करार फक्त तुमच्याशी नाही. आज जे इथे उभे आहेत त्यांच्याशी, आणि आज जे इथे नाहीत त्यांच्याशीही. देवारीम, तोराचा पाचवा ग्रंथ, अध्याय २९. जे जन्मलेच नव्हते त्यांना कोण विचारणार?

हा आक्षेप आपल्याच माणसांनी फार पूर्वी घेतलाय. तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या संग्रहात, 'शब्बाथ' नावाच्या भागात, तोरा मिळाली त्या सिनाय डोंगराची एक गोष्ट आहे. देवानं अख्खा डोंगर उचलून लोकांच्या डोक्यावर उपडा धरला आणि म्हणाला, तोरा घेतलीत तर ठीक, नाहीतर इथेच तुमची कबर. तिथेच एक रब्बी म्हणतात, मग ही तोराविरुद्ध मोठीच तक्रार झाली! जबरदस्तीनं घेतलेला शब्द कसा बांधील? त्यावर रावा नावाच्या रब्बींचं उत्तर येतं की एस्तेर राणीच्या काळात लोकांनी तो पुन्हा, आपल्या मनानं स्वीकारला. डोंगर खोटा होता असं कुणी म्हटलं नाही, आणि विचारणाऱ्याला पंगतीतून उठवलंही नाही.

अब्राहामाचंच बघा. देव देश देतो म्हणतो, तर हा विचारतो, "मला कसं कळावं?" देव रागावत नाही. कालवड, शेळी, मेंढा आणायला सांगतो. अब्राहाम ते मधोमध चिरून समोरासमोर मांडतो, वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांना हाकलत बसतो. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जायचे; शब्द मोडणाऱ्याचे काय हाल होतील ते यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात वाचा. पण इथे अब्राहामाला गाढ झोप लागते. धुमसती भट्टी आणि जळती मशाल तेवढी तुकड्यांमधून जाते. चालला तो एकटा देव. मला बरेशीतमधलं, तोराच्या पहिल्या ग्रंथातलं, हे सगळ्यात मोठं पान वाटतं. ज्याला काही गमवायचं नव्हतं त्यानंच स्वतःला बांधून घेतलं, आणि तेही एका माणसानं प्रश्न विचारल्यावर.

आता आपलं. कोकणात पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे पोथी नव्हती. शेमा ही प्रार्थना होती, शनिवारी घाणा बंद होता, आठव्या दिवशीची सुंता होती, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा, गोड पोह्यांचा प्रसाद, होता. तेवढ्यावर आपण टिकलो. इथे इस्राएलला आल्यावर आपल्या लग्नांसाठी वंशावळी तपासायचा हुकूम निघाला, तेव्हा १९६४ साली आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. बायका लेकरं घेऊन बसल्या. करारात आम्ही आहोत, हे दुसऱ्यांनी मान्य करावं म्हणून. त्यांच्याच घरातली मुलगी आज विचारते की माझी सही कुठे आहे. मला त्यात अपमान दिसत नाही. तिला सही करायची आहे की नाही हे तिला स्वतः ठरवायचंय, आणि तेवढा हक्क तिच्या पणजीनं कमावलाय.

म्हणून आज थोडं रागावते. मलिद्याला हॉल भरतो. पोहे, नारळ, चिकाचा हलवा, सगळं कसं अगदी रेवदंड्यासारखं. तोराचा अर्थ सांगायला कुणी उभं राहिलं की मागच्या खुर्च्या रिकाम्या. मुलांना आपण चव देतो. त्यांनी विचारलं की म्हणतो, पूर्वीपासून असंच आहे, गप जेव. "पूर्वीपासून" हे उत्तर सैन्यात जाऊन आलेल्या, इंग्रजीत आणि हिब्रूत वाद घालणाऱ्या मुलांना कसं पुरावं?

एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही. त्याच २९व्या अध्यायात पुढे लिहिलंय, जो मनातल्या मनात म्हणेल की मी माझ्या मर्जीनं चालेन, त्याला देव क्षमा करणार नाही, त्याचं नाव आकाशाखालून पुसून टाकील. न विचारता सामील केलेल्याला निघून जायची एवढी मोठी शिक्षा? अब्राहामासाठी एकटा चालणारा देव आणि हा देव एकच आहे, असं मी मानते. पण बारा वर्षांच्या मुलीला ते कसं समजावू? तिनं ती वचनं वाचलीत, अजून मला विचारलेलं नाही. शब्बाथच्या आत विचारील. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा प्रश्न आला असेल आणि त्यावर तुम्ही काही बोलला असाल, तर जेवणाच्या वेळी माझ्याशेजारी येऊन बसा.