सैल बोटं, ताठ पट्टा

(पडद्यावर: पालथ्या झोपलेल्या नेमबाजाचा डावा हात, अगदी जवळून. बोटं सैल लोंबताहेत.)

या हाताकडे बघा. सहा-सात किलोची रायफल तळहातावर टेकली आहे आणि बोटं मात्र झोप लागल्यासारखी सैल आहेत. कुठे पकड नाही, कुठे थरथर नाही. खरं सांगायचं तर या हातानं रायफल धरलेलीच नाही. दंडाला बांधलेला, मनगटाच्या बाहेरून जाऊन रायफलीच्या पोटाखाली अडकवलेला एक पट्टा तिला पेलतो आहे. हा स्लिंग.

बंदुकीचा पट्टा म्हटलं की शिपायाच्या खांद्यावरची रायफल डोळ्यांपुढे येते. तो पट्टा रायफल वाहून न्यायचा. त्याची दोन्ही टोकं रायफलीलाच असतात. नेमबाजीच्या स्लिंगचं एक टोक रायफलीला आणि दुसरं माणसाला. खांद्यावर टांगायला तो काडीच्या उपयोगाचा नाही.

आपल्याकडची बहुतेक मुलं नेमबाजी सुरू करतात ती 10 मीटर एअर रायफलवर. तिथे उभ्यानंच मारायचं असतं आणि स्लिंगला परवानगी नाही. त्यामुळे कुणी 50 मीटरकडे वळलं, की तीन-चार वर्षं मुरलेल्या नेमबाजालाही हा पट्टा नवखा असतो. 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये आधी निलिंग म्हणजे गुडघ्यावर, मग प्रोन म्हणजे पालथं झोपून आणि शेवटी स्टँडिंग. पहिल्या दोन्हींत स्लिंग चालतो, तिसऱ्यात नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, 600 पैकी 597 गुण मिळवून. त्या साठही गोळ्या स्लिंग लावूनच मारायच्या असतात.

(पडद्यावर: लक्ष्याचा कागद, शेजारी फूटपट्टी.)

हा पट्टा नसेल तर काय बिघडतं, ते आकड्यांत बघू. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं. शर्टाच्या बटणाएवढं. गोळी 5.6 मिलिमीटरची, आणि तिची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत ढळला तरी चालतो. आता पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण, खांद्यापासून साधारण एक मीटरवर आहे असं धरा. ती दशांश मिलिमीटर हलली, की 50 मीटरवर 5 मिलिमीटरचा फरक पडतो. दशांश मिलिमीटर म्हणजे वहीच्या कागदाची जाडी. दीड कागद हललात की दहा गेले.

इतकं स्थिर राहणं स्नायूंना जमत नाही. स्नायू ताणून धरला की तो थरथरतो, थकतो, आणि विसाव्या गोळीला पहिल्या गोळीइतका जोर लावत नाही. हाड थकत नाही, पट्टाही थकत नाही. दंड, कोपरापासून पंजापर्यंतचा हात आणि स्लिंग यांचा एक त्रिकोण होतो. रायफल खाली येऊ पाहते, कोपराचा कोन उघडू पाहतो आणि पट्टा तो उघडू देत नाही. मांडवाच्या खांबाला दोरीचा ताण दिला की खांब धरून उभं राहायला माणूस लागत नाही, तसंच हे.

(पडद्यावर: टेबलावर तीन-चार स्लिंग. एक चामड्याचा, बाकीचे कृत्रिम पट्टीचे.)

आता निवड. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमाप्रमाणे पट्टा 40 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. तो फक्त दंडावर असावा, रायफलीला एकाच जागी अडकावा आणि पंजाच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूनं जावा. अडकवण्याची जागा सोडली तर रायफल पट्ट्याला कुठेही टेकता कामा नये. बाजारातले बहुतेक स्लिंग यात बसतात, त्यामुळे दुकानात या नियमांवर डोकं खपवायची गरज नाही. बघायचं ते वेगळंच.

पहिलं, ताणल्यावर पट्टा किती वाढतो. एक टोक पायाखाली दाबा, दुसरं दोन्ही हातांनी जोरात ओढा आणि सोडा. रबरासारखा मागेपुढे होणारा पट्टा तिथेच ठेवून द्या. चामडं हाताला छान लागतं, पण नवं चामडं सुरुवातीचे काही आठवडे लांबत राहतं, आणि दमट हवेत जास्तच. मुंबईत किंवा कोकणात सराव करणाऱ्यांना आमचा सल्ला सरळ आहे: कृत्रिम पट्टी घ्या.

दुसरं, दंडावरचा कफ, म्हणजे स्लिंगचा दंडाभोवती बसणारा भाग. काही स्लिंगचा कफ फासासारखा असतो, ओढ बसेल तसा आवळत जाणारा. तो घेऊ नका. पाच मिनिटांत दंड आवळतो आणि नाडी थेट साइटमध्ये दिसायला लागते. बकलनं एका मापावर पक्का होणारा, आतून थोडा कडक आणि दंडाच्या गोलाईवर बसणारा कफ चांगला.

तिसरं, भोकं. ती नेमक्या सारख्या अंतरावर हवीत आणि त्यांच्यावर आकडे हवेत. आकडे नसतील तर मार्कर पेननं तुम्ही घाला. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे स्पर्धेत वाचवते. आणि रायफलीच्या पोटाखालच्या रेलला, म्हणजे खाच असलेल्या पट्टीला, हँडस्टॉप (पंजा अडवणारा, स्लिंग अडकवायचा सरकता तुकडा) बसतो का, ते रायफल सोबत नेऊनच तपासा. जर्मन रायफल कंपनी आन्शुट्झची टी आकाराची खाच जगभर चालते, पण रेल तेवढ्या एकाच घाटाच्या नसतात.

(पडद्यावर: नेमबाज जॅकेट चढवते. रायफल मॅटवर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग.)

इथून पुढचं सगळं उजव्या हातानं ट्रिगर दाबणाऱ्यांसाठी आहे. डावऱ्यांनी उलट धरावं. आणि स्लिंगची जुळवाजुळव चालू असताना बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) उघडा, रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून फ्लॅग आत, नळी लक्ष्याकडे. यात सवलत नाही.

कफ जॅकेटवरून चढवायचा आणि दंडावर उंच न्यायचा, खांद्याचा गोल स्नायू जिथे संपतो तिथवर. जॅकेटच्या बाहीला बाहेरून एक हूक असतो, त्यात कफ अडकवायचा. नियमानं असा एकच हूक चालतो. हूक न लावता कफ नुसता आवळून भागवणारे पुष्कळ असतात. त्यांचा कफ दहा-बारा गोळ्यांनंतर कोपराकडे घसरतो, पट्टा तेवढाच सैल पडतो, रायफल बसते आणि गोळ्या खाली जायला लागतात. मग बिचारे साइट वर-खाली करायच्या चकतीचे क्लिक मोजत बसतात.

कफ आवळायचा किती? पट्ट्याखाली एक बोट जरा जोर लावून शिरलं पाहिजे. दोन बोटं शिरली तर सैल, एकही शिरत नसेल तर घट्ट.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट. पट्टा दंडाच्या कुठल्या बाजूनं निघतो?

(पडद्यावर: दंडाचा जवळून शॉट. कफ हळूहळू बाहेरच्या अंगाला फिरवला जातो.)

दंडाच्या आतल्या अंगाला, पुढच्या आणि मागच्या स्नायूंच्या मधल्या घळीतून मुख्य धमनी जाते. रक्तदाब मोजताना हवेचा पट्टा दाबतो ती हीच. स्लिंगची ओढ आतल्या अंगानं आली की धमनीवर दाब पडतो आणि काळजाचा प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलीत जातो. पुढच्या साइटच्या वर्तुळात काळा ठिपका टिक, टिक, टिक असा उडताना दिसतो. कफ बाहेरच्या अंगाला फिरवा, पट्टा दंडाच्या बाहेरून निघू द्या. टिकटिक पूर्ण जाणार नाही, पण कमी झालेली तिथल्या तिथे कळते. आत जाड स्वेटर घालून ती कमी होते हे खरं, पण जॅकेटच्या आतल्या कपड्यांच्या जाडीवरही नियमांची मर्यादा आहे.

मग पालथं झोपायचं. डावं कोपर मॅटवर, रायफलीच्या सरळ खाली नाही तर जरासं डावीकडे. पट्टा पंजाच्या पाठीवरून सपाट गेला पाहिजे, त्याला पीळ नको. पीळ पडला की पट्ट्याची कड मनगटात रुतते. त्यासाठी हँडस्टॉपवरची कडी फिरवून घ्यायची. रायफल अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून येऊन तळहाताच्या टाचेवर टेकते. मनगट सरळ. आणि डाव्या हाताचा, कोपरापासून पंजापर्यंतचा, जमिनीशी कोन 30 अंशांपेक्षा कमी नको. जितकं खाली झोपावं तितकं स्थिर वाटतं, म्हणून ही मर्यादा घातलेली आहे. पंच कोनमापक घेऊन येतात, तेव्हा सरावातही तो मोजून ठेवलेला बरा.

राहिली लांबी. इथेच सगळी मेख आहे.

रायफल खांद्यात बसवा. उजवा हात पिस्तूल ग्रिपवरून, म्हणजे ट्रिगरमागच्या मुठीवरून, काढा. डाव्या पंजातला जीव काढून घ्या. रायफल खाली आली तर पट्टा लांब आहे. जागच्या जागी राहिली तर लांबी जवळपास बरोबर आहे. दुसरी खूण बट, म्हणजे रायफलीचा मागचा टोकाचा भाग, खांद्यात बसवताना मिळते. डाव्या हातानंच ती सहज आत सरकली तर पट्टा सैल. उजव्या हातानं उचलून, थोडं रेटून बसवावी लागली तर ठीक. बसवताना दात-ओठ खावे लागले आणि गोळी सुटल्यावर बट खांद्यातून निसटली, तर आखूड.

बदल एका वेळी एकच करा. पट्ट्याचं एक भोक, किंवा हँडस्टॉप 5 मिलिमीटर. हँडस्टॉप मागे घेतला की हात उभा होतो, रायफल उंच जाते. पुढे नेला की खाली येते, आणि कोपराचा कोन उघडत असल्यामुळे पट्टाही लांब करावा लागतो. दोन्ही एकदम हलवले तर कशानं काय झालं ते देवालाही सांगता यायचं नाही. प्रत्येक बदलानंतर किमान दहा गोळ्या मारा आणि वहीत लिहा: भोक कितवं, हँडस्टॉप रेलवरच्या कुठल्या आकड्यावर, अंगात काय घातलं होतं. थंडीत आत एक जाड बनियन वाढला तरी दंडाचा घेर बदलतो.

(पडद्यावर: डोळे मिटलेली नेमबाज. दोन श्वास. डोळे उघडतात.)

लांबी जमली की रायफल कुठे बघते आहे ते तपासायचं. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट शेजारच्या लक्ष्याकडे बघत असेल तर हातानं ओढून आणू नका. डावं कोपर खिळ्यासारखं जागेवर ठेवा आणि कंबर सरकवा. कंबर डावीकडे गेली की नळी उजवीकडे जाते. हातानं ओढून आणलेली रायफल ट्रिगर सुटताना परत आपल्या जागी पळते, आणि पट्ट्यानं केलेली सगळी मेहनत पाण्यात.

श्वासही इथे तपासनिसाचं काम करतो. श्वास घेतला की छाती उचलते आणि नळी खाली जाते, सोडला की वर येते. ही ये-जा सरळ उभ्या रेषेत हवी. तिरकी होत असेल तर कोपर चुकीच्या जागी आहे किंवा पट्टा एका बाजूला ओढतो आहे.

लक्ष्यावरच्या खुणाही बोलतात. गोळ्या उभ्या रांगेत पसरत असतील तर आधी पट्टा सैल आहे का आणि डावा पंजा मधेच रायफल आवळतो आहे का, ते बघा. सुरुवातीला मध्यात असलेला गोळ्यांचा ग्रुप पंधरा-वीस गोळ्यांनंतर सावकाश खाली उतरू लागला तर कफ घसरला, नाहीतर चामडं लांबलं.

पंजाला मुंग्या येणं हा स्लिंगच्या नव्या माणसाला भेटणारा पहिला पाहुणा. थोडा दाब, थोडा बधिरपणा सवयीनं जातो. म्हणून पहिल्या आठवड्यात एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच, तीही गोळीशिवाय. पण पंजा पांढरा किंवा जांभळा पडला, करंगळी आणि अनामिकेत झिणझिण्या आल्या, तर सहन करण्यात काही मर्दुमकी नाही. पट्टा सोडा, हात झटका, कफची जागा बदला. करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या हाडाजवळून जाते, त्यामुळे कोपर त्याच हाडावर टेकलंय का तेही बघा. डाव्या हाताच्या जाड ग्लव्हनं पंजाचा त्रास कमी होतो. त्याची पुढची-मागची मिळून जाडी 12 मिलिमीटरपर्यंत चालते.

निलिंगमध्ये पट्टा तोच, हिशेब वेगळा. कोपर गुडघ्याजवळ टेकतं आणि रायफल उंच हवी असते, म्हणून बहुतेकांचा हँडस्टॉप प्रोनपेक्षा मागे येतो. भोकही बदलतं. निलिंग संपवून प्रोनला जाताना घड्याळ चालूच असतं. आता मार्कर पेननं घातलेले आकडे कामाला येतात. वहीत निलिंगचं भोक आणि प्रोनचं भोक लिहिलेलं असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम, नाहीतर चार सायटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या, गोळ्या नुसत्या अंदाजात जातात.

सरावानंतर पट्टा कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत लटकवा. चामड्याला तेल पाजू नका. तेलानं ते मऊ होतं आणि मऊ चामडं लांबतं. महिन्यातून एकदा भोकं बघा. गोल भोक लंबगोल झालं की समजा, पट्टा मापाचा राहिला नाही.

(पडद्यावर: प्रोन संपलं आहे. नेमबाज हँडस्टॉप रेलवरून काढते, कफचं बकल उघडते.)

1 ऑगस्ट 2024 ला, पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या नेमबाजी केंद्रावर, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, 451.4 गुणांवर. त्या फायनलचे निलिंग आणि प्रोन स्लिंगवर झाले. त्यानंतर आठही नेमबाजांनी पट्टे सोडले आणि उभं राहून रायफल उचलली. तिथून पुढे ती पेलायला डावं कोपर आणि कमरेचं हाड, एवढंच.