दात पडला तर आधी दात शोधा

श्रोतेहो, नमस्कार.

कबड्डीत पकडीच्या झटापटीत कुणाचा गुडघा, कुणाचं कोपर तोंडावर बसतं आणि पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. रक्त बघून सगळे घाबरतात, बर्फासाठी धावतात, आणि दात मातीतच राहतो. एक दंतवैद्य म्हणून मला याचं फार वाईट वाटतं, कारण वेळेत हालचाल केली तर तो दात बऱ्याचदा वाचतो.

म्हणून दात शोधा. उचलताना वरचा पांढरा भाग धरा, मुळाला बोट लावू नका. मुळावरच्या नाजूक तंतूंत जिवंत पेशी असतात आणि दात पुन्हा रुजतो तो त्यांच्याच जोरावर. माती लागली असली तरी घासायचं नाही, पुसायचं नाही. दुधात हलकेच विसळायचं. खेळाडू शुद्धीवर असेल तर दात तिथल्या तिथे त्याच खाचेत बसवा आणि स्वच्छ रुमाल दातांत धरायला सांगा. धीर होत नसेल तर थंड दुधाच्या पेल्यात ठेवा. मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर दूध मिळतंच. साध्या पाण्यात मात्र ठेवू नका, त्यात या पेशी फुगून फुटतात. आणि कागदात कोरडा गुंडाळला तर तासाभरात मरतात. अर्ध्या तासात दंतवैद्य गाठायचा. डोक्याला मार असेल, चक्कर येत असेल, तर आधी रुग्णालय. लहान मुलाचा दुधाचा दात परत बसवू नये, आतल्या पक्क्या दाताला इजा होते.

दुसरी गोष्ट शांतपणे दात पोखरणारी. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 302 खेळाडूंचे दात तपासले, तर 55 टक्क्यांचे किडलेले निघाले! धावताना तोंडाने श्वास घेतला की लाळ सुकते, आणि त्याच कोरड्या तोंडात आपण आंबट-गोड स्पोर्ट्स ड्रिंक घोट घोट पीत राहतो. त्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेलं दाताचं कवच झिजतं.

मुष्टियुद्धात माउथगार्डशिवाय, म्हणजे दात वाचवायला तोंडात घालतात त्या मऊ पट्टीशिवाय, रिंगणात उतरता येत नाही. कबड्डीच्या प्रशिक्षकांनीही सरावापासूनच तो घालायला लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आयोजकहो, तुमचे सामने प्रकाशझोतात रात्री उशिरापर्यंत चालतात. त्या वेळी येऊ शकेल अशा जवळच्या दंतवैद्याशी आधीच बोलून ठेवा आणि त्यांचा नंबर गुणलेखकाच्या टेबलावर चिकटवा.