पाण्यापाशी अडणारी लहर

[दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबाग, ठिबकच्या नळ्या, पानांचा जवळून घेतलेला शॉट.]

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला वर्षभर एक हिशेब पुरतो: पाणी किती द्यायचं? गोडी (फळांसाठीच्या) छाटणीआधी बाग थोडी ताणावर, म्हणजे कमी पाण्यावर, सोडायची, पण कोवळ्या फुटीला ताण बसू द्यायचा नाही. मण्यांत पाणी उतरल्यावर हात सैल सोडला, तर मणी तडकतात. मातीत ओल किती आहे ते टेन्शिओमीटर सांगतो. वेलीला स्वतःला किती तहान लागली आहे, हे मात्र पानालाच विचारावं लागतं. पान न तोडता ते विचारता येतं, हे प्रयोगशाळांत सिद्ध झालं आहे. ज्या लहरींनी ते साधलं, त्यांचं नाव टेराहर्ट्झ.

सेकंदाला एक लाख कोटी कंपनं, म्हणजे एक टेराहर्ट्झ. लांबी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून थोडी कमी. एका बाजूला मोबाइल आणि रडारच्या मायक्रोवेव्ह, दुसऱ्या बाजूला उष्णतेच्या अवरक्त लहरी आणि मधोमध हा पट्टा. तसा तो परका नाही. आपलं अंग, ही भिंत, तो दगड, सगळ्यांतून या लहरी सतत निघत असतात, फक्त अतिशय क्षीण. हव्या तेवढ्या जोमाने त्या निर्माण करणं आणि टिपणं फार अवघड होतं, म्हणून शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं या पट्ट्याला ‘टेराहर्ट्झ दरी’ म्हणत आले.

दरीच्या दोन्ही काठांवर माणसं मात्र लवकर पोहोचली होती. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते. दुसऱ्या काठावर, बर्लिनमध्ये, हाइनरिश रुबेन्स आणि त्यांचे सहकारी दूरच्या अवरक्त लहरी मोजत होते. १९०० च्या ऑक्टोबरात त्यांची मापं मॅक्स प्लांक यांच्या हाती आली. तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या लहरींचं जुनं सूत्र या मापांशी जुळेना, म्हणून प्लांक यांनी नवं सूत्र मांडलं आणि तिथून पुंजभौतिकीची, म्हणजे क्वांटम फिजिक्सची, वाट निघाली. इतका मोठा बदल ज्या मापांनी घडवला, त्यांतली काही याच पट्ट्यातली होती. ही गोष्ट शाळेत सांगितली जात नाही, ती सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: उन्हात धरलेलं पान, शिरा स्पष्ट.]

आता पानाकडे येऊ. १९९५ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये बिनबिन हू आणि मार्टिन नस यांनी टेराहर्ट्झ लहरींनी काढलेली चित्रं प्रसिद्ध केली. त्यांत एका ताज्या पानाचं चित्र होतं आणि त्याच पानाचं ४८ तासांनंतरचं. दुसऱ्या चित्रात पान सुकत गेलेलं स्पष्ट दिसतं. कारण साधं आहे: पाणी या लहरी गिळतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पाण्याचा थर एक टेराहर्ट्झच्या लहरीची सुमारे नऊ दशांश ऊर्जा शोषून घेतो. म्हणजे पानातून जितकी लहर पलीकडे निघाली, त्यावरून पानात पाणी किती ते काढता येतं. पान वेलीवरच राहतं, त्याला इजाही होत नाही. एक्स-रेच्या एका फोटॉनपाशी, म्हणजे प्रकाशाच्या एका कणापाशी, टेराहर्ट्झच्या फोटॉनच्या साधारण कोटी पट ऊर्जा असते. अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावणं टेराहर्ट्झच्या कुवतीबाहेरचं आहे.

या लहरीचा सारा स्वभाव पाण्यावरून कळतो. ओलं दिसलं की ती अडते, धातूवरून परत फिरते. कोरडा कागद, प्लास्टिक, कापड, फोम, औषधाची भुकटी यांतून ती सहज आरपार जाते.

[दृश्य: गोळ्यांच्या पट्ट्या, पॅकिंग लाइन.]

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात औषधं बनवणाऱ्यांना गोळीवरच्या कोटिंगचं महत्त्व सांगायला नको. काही गोळ्या पोटात नाही, आतड्यात विरघळायला हव्या असतात. कोटिंग पातळ पडलं तर गोळी आधीच फुटते, जाड झालं तर औषध उशिरा मिळतं. नेहमीची रीत म्हणजे गोळ्यांचं वजन किती वाढलं ते बघणं, नाहीतर काही गोळ्या विरघळवून पाहणं. विरघळवलेली गोळी अर्थातच गेली. टेराहर्ट्झचा क्षणिक स्पंद गोळीवर टाकला, की एक प्रतिध्वनी कोटिंगच्या वरच्या पृष्ठावरून येतो आणि दुसरा आतल्या. डोंगरात हाक मारल्यावर जवळचा कडा आधी उत्तर देतो आणि लांबचा मागाहून, तसंच हे. शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या, जाडीच्या कोटिंगसाठी या दोन उत्तरांमधलं अंतर असतं सुमारे एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग. ते मोजलं की जाडी मिळते, आणि गोळी तशीच्या तशी राहते. जगात औषधनिर्मितीसाठी अशी उपकरणं विकली जातात.

गाडीच्या रंगाचंही असंच. पत्र्यावरचा रंग मोजायला चुंबकीय गेज असतो, प्लास्टिकच्या बंपरवर तो चालत नाही. टेराहर्ट्झ प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट, प्रत्येक थर वेगळा मोजून देतं.

[दृश्य: ओझरच्या आकाशात विमान.]

नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात सुखोई-३० विमानं तयार झाली. विमानाच्या नाकावर रडारचं आवरण असतं, बहुधा काचतंतूंचं. त्यात पाणी शिरलं किंवा थर सुटले, तर रडारची नजर बिघडते. अशा दोषांसाठी ही लहर अगदी नेमकी आहे. २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयान गमावल्यावर नासाने यानाच्या बाहेरच्या इंधन टाकीवरच्या फोममधल्या पोकळ्या शोधायला टेराहर्ट्झ वापरलं. कार्बन तंतूंच्या भागात मात्र तिचा इलाज नाही, ते वीजवाहक असतात.

पाण्याची हीच अडचण दूरसंचारात आडवी येते. ३०० गिगाहर्ट्झच्या आसपास प्रचंड वेगाने माहिती पाठवता येते, २०१७ मध्ये त्याचं मानकही ठरलं. पण हवेतली वाफ आणि पाऊस तिला दमवतात, त्यामुळे ती जवळच्या अंतरालाच शोभेल. चिलीतली ‘अल्मा’ दुर्बीण सुमारे ५,००० मीटर उंचीवरच्या कोरड्या पठारावर उभारली, तीही याच कारणाने.

[दृश्य: हाताच्या त्वचेचा जवळून शॉट.]

आता सर्वांत गरजेचं. गावोगावी, नात्यागोत्यातून ‘टेराहर्ट्झ थेरपी’ची यंत्रं विकली जात आहेत. हेअर ड्रायरसारखी कांडी, वर गरम हवा. मधुमेह, गुडघेदुखी, अगदी कॅन्सरही बरा होतो असा दावा. शेजारची काकू किंवा साडू विकायला येतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. आपलं शरीर बहुतांशी पाणी आहे. ही लहर कातडीतच, मिलिमीटरच्या काही दशांशांत संपते. म्हणूनच त्वचेच्या कॅन्सरची कड ओळखता येईल का, यावर संशोधक खरोखर काम करतात: तिथे लहरीला खोल जायचंच नसतं. मूत्रपिंडापर्यंत, स्वादुपिंडापर्यंत ती पोहोचत नाही. कांडीने ऊब वाटते ती गरम हवेची, आणि ऊब लागली की दुखरा गुडघा थोडा वेळ सैलावतो, हेही खरं. पण त्या भरवशावर घरातल्या कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन बंद केलं असेल, तर आजच त्यांना डॉक्टरकडे न्या. आणि विकणाऱ्याला एवढंच विचारा: द्राक्षाच्या एका पानातल्या पाण्यात दमणारी लहर पोटातल्या स्वादुपिंडापर्यंत जाते कशी?