चाचण्या राहतात कुठे? एपीआय चाचणीचे साधन निवडताना

मित्रहो, एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत, आणि तिच्या चाचणीसाठी कोणते साधन घ्यावे हा प्रश्न सांगली-मिरजेतल्या छोट्या सॉफ्टवेअर टीममध्येही आता निघतो, आणि चर्चा बहुधा पडद्यावरच्या सोयींपासून सुरू होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: आपण लिहिलेल्या चाचण्या राहणार कुठे?

पूर्वी मी ज्या टीममध्ये होतो, तिथे चाचणीसाठी सर्व्हरला पाठवायच्या विनंत्या, म्हणजे रिक्वेस्ट, जवळपास सगळ्या एका सहकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात साठलेल्या होत्या. तो नोकरी सोडून गेला तेव्हा कोड आमच्याकडे राहिला, पण तो तपासायचा कसा याची माहिती त्याच्याबरोबर गेली, आणि सर्व्हरचे लॉग वाचून त्या रिक्वेस्ट पुन्हा जुळवण्यात आमचे कित्येक दिवस गेले. दोष त्याचा नव्हता. साधन निवडताना आमच्यापैकी कुणीच हा विचार केला नव्हता.

अभिनव अस्थाना यांनी 2012 मध्ये क्रोमचे एक्स्टेन्शन म्हणून सुरू केलेले पोस्टमन हे चाचणीचे साधन सर्वांच्या परिचयाचे आहे, शिकायला सोपे आहे, आणि न्यूमन या जोडसाधनाच्या साहाय्याने त्यातील कलेक्शन, म्हणजे रिक्वेस्टचे संच, कमांड लाइनवरूनही चालवता येते. मात्र 2023 मध्ये त्यातले खात्याशिवाय चालणारे स्क्रॅचपॅड बंद झाले. त्याच वर्षी इन्सोम्निया या तशाच दुसऱ्या साधनानेही लॉगइन सक्तीचे केले आणि वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर स्थानिक साठवणुकीची सोय परत आणली. ब्रुनो या मुक्तस्रोत साधनात प्रत्येक रिक्वेस्ट ही प्रकल्पाच्या फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल असते. त्यामुळे कोडमधला बदल आणि चाचणीतला बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, एकत्रच तपासला जातो, आणि मला ही बाब फार मोलाची वाटते. टीम जावामध्ये काम करत असेल तर रेस्ट अ‍ॅशुअर्ड या लायब्ररीने चाचण्या कोडमध्येच लिहिणेही उत्तम.

साधनाची खरी परीक्षा कशात असते, हे आपल्या भागातल्या उदाहरणाने सांगतो. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून उसाच्या गाडीचे वजन सर्व्हरकडे जाते असे समजा. सर्व्हरने नोंद केली, पण उत्तर पोहोचण्याआधी नेटवर्क तुटले, तर काट्यावरचा संगणक तेच वजन पुन्हा पाठवणार. गाडी एक, नोंदी दोन, आणि ऊसबिलात एक खेप जादा! एचटीटीपी या वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांनुसार पुट प्रकारची रिक्वेस्ट कितीही वेळा पाठवली तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा असायला हवा. पोस्ट प्रकारच्या रिक्वेस्टला तशी हमी नाही. म्हणून प्रत्येक खेपेला काट्यावरच स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो, आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवी नोंद होऊ नये अशी व्यवस्था सर्व्हरवर करावी लागते. ही व्यवस्था तपासायची तर तीच रिक्वेस्ट दोनदा पाठवणे, पहिल्या उत्तरातला नोंद क्रमांक उचलून पुढच्या पायरीत वापरणे आणि शेवटी यादी मागवून तिच्यात एकच नोंद असल्याची खात्री करणे, एवढे सगळे साधनाला जमले पाहिजे. केवळ 200 हा ‘यशस्वी’ असे सांगणारा स्टेटस पाहून हिरवी खूण देणारी चाचणी येथे काहीच सांगत नाही, कारण नोंद दोनदा झाली तरी 200 येऊ शकते.

टोकन (सर्व्हरवर प्रवेश देणारे गुप्त संकेत) आणि पासवर्ड चाचणीच्या फाइलमध्ये लिहू नयेत. साधनाने ते बाहेरच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमधून घ्यावेत आणि ती फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नये. भार चाचणीसाठी, म्हणजे एकाच वेळी खूप रिक्वेस्ट आल्या तर सर्व्हर टिकतो का हे पाहण्यासाठी, जेमीटर किंवा के6 वेगळे घेता येते, त्यासाठी या निवडीत अडकून पडण्याचे कारण नाही.

निवड करण्यापूर्वी आपल्या प्रणालीतले असे आठ-दहा अवघड प्रसंग कागदावर उतरवा आणि दोन साधनांत तेच लिहून पाहा. मग टीममध्ये सर्वांत शेवटी आलेल्या सदस्याच्या लॅपटॉपवर रेपॉझिटरी, म्हणजे गिटमधला कोड आणि चाचण्यांचा साठा, उतरवा. कुणाचेही खाते न वापरता एका कमांडने सगळ्या चाचण्या चालतात का आणि कोड गिटमध्ये पाठवताच (पुश करताच) सीआय सर्व्हरवर, म्हणजे प्रत्येक बदलानंतर चाचण्या चालवणाऱ्या संगणकावर, त्याच चाचण्या आपोआप सुरू होतात का, हे पाहा. शेवटी सर्व्हरच्या उत्तरातले एखादे फील्ड मुद्दाम बदला आणि कोणत्या रिक्वेस्टमध्ये काय अपेक्षित होते व काय मिळाले, हे त्या नव्या सदस्याला कुणाला न विचारता चाचणीच्या संदेशावरून कळते का, ते त्याच्या शेजारी बसून तपासा.