हवा सोसायटीची, राउटर आपापला

मुंबईत वायफायची तक्रार बहुतेक घरांत एकच असते. फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि तरी रात्री नऊला मालिका अडते, मधोमध चाक फिरत बसतं. मग मंडळी आणखी दणकट राउटर आणतात, सहा अँटेनांचा. फरक शून्य. कारण दांड्या सांगतात, राउटरचा आवाज किती मोठा येतोय ते. बोलायला आपली पाळी कधी येणार, ते त्यांना ठाऊक नसतं.

वायफायची रीत तशी सभ्य आहे. आधी कानोसा घ्यायचा, त्याच चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या त्याच वाटेवर, दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत, पण शेजारशेजारचे एकमेकांवर चढलेले. एकमेकांत न मिसळणारे म्हणाल तर तीनच हाती लागतात: १, ६ आणि ११. आता परळच्या एखाद्या टॉवरमध्ये वरचे, खालचे, शेजारचे, समोरच्या विंगमधले राउटर मोजा. एवढी बिऱ्हाडं आणि चॅनेल तीन! इंटरनेटचे पैसे तुम्ही भरता, हवा मात्र सोसायटीची आहे.

आणि या रांगेत सगळे सारखे नसतात. चाळीतल्या सार्वजनिक नळावर बारीक तोंडाची बाटली घेऊन आलेला माणूस हंडेवाल्यांनाही खोळंबवतो, तसं इथे होतं. लांबच्या बेडरूममधला स्मार्ट प्लग क्षीण सिग्नलवर सावकाश बोलतो. त्याला एवढंच कळवायचं असतं की दिवा चालू आहे. पण तो बोलेपर्यंत बाकीचे गप्प. त्यावर उपाय म्हणून राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारा स्वस्तातला रिपीटर लावला, तर तो एकच निरोप त्याच चॅनेलवर एकदा ऐकतो आणि पुन्हा एकदा बोलतो. गर्दी वाढली. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही साधारण याच पट्ट्यात चालतो, त्याला तर कानोसा वगैरे घेणं माहीतच नाही.

म्हणून माझं म्हणणं: जे जागचं हलत नाही, त्याला वायर द्या. टीव्ही, डेस्कटॉप. वायर दिसते म्हणून घरचे कुरकुरतील, कुरकुरू देत. फोन आणि लॅपटॉप राउटरच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर ठेवा. या लहरी भिंतीपुढे लवकर थकतात असं म्हणतात, ते खरंच आहे. पण मुंबईत हा दोषच कामाला येतो, कारण शेजाऱ्याचा राउटरही तुमच्या हॉलपर्यंत फारसा पोचत नाही. २.४ उरू द्या बल्ब आणि प्लगांना. त्यांतल्या बहुतेकांना दुसरं काही कळतही नाही. आणि केबलवाल्याने दाराशी, चपलांच्या कपाटामागे ठेवलेला राउटर जरा घराच्या मध्यावर आणा.

कॅमेऱ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि राउटर काबीज केले, तेही कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवलेला होता म्हणून. त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये वेबसाइटींचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या अमेरिकी कंपनीवर चाल केली, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास कित्येकांना उघडेनात. आपल्या दाराबाहेरचा कॅमेराही अशा फौजेत भरती होऊ शकतो. तेव्हा पासवर्ड आजच बदला, आणि कॅमेरा, बल्ब, प्लग यांना राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे घरच्या नेटवर्कपासून वेगळ्या ठेवलेल्या वायफायवर, टाका. टीव्ही मात्र तिकडे नको. फोनवरचे नातवाचे फोटो टीव्हीवर दाखवायला गेलात तर तो फोनला सापडणारच नाही.